ऊद जाळा

मनकर्णाआत्याबद्दल लिहायचं म्हणजे मला आधी घाणीबद्दल लिहावं लागतं. तिला हे मुळीच आवडलं नसतं. ज्यांना जेवता जेवता वाचायची सवय आहे त्यांनी ताट सरकवून ठेवावं, मागाहून मला बोल लावू नये.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. काचीगुडा स्टेशनच्या मागे तिच्या दोन खोल्या होत्या. त्या खोल्यांत शिरायचं तर दाराजवळच्या बादलीत पाय धुवूनच, मग पाहुणा कलेक्टर का असेना. कामावर जाताना ती साबणाचा तुकडा कागदात गुंडाळून कमरेला खोचायची. शिलाईखान्यातल्या बायका तिला 'डॉक्टरीणबाई' म्हणून चिडवायच्या. ती म्हणायची, "चिडवा. माझ्या हातांना वास येत नाही, तुमच्या येतो."

या वेडाला कारण होतं. आमचं मूळ गाव गोदावरीच्या काठचं, नांदेडकडचं. माझ्या पणजोबांना गावानं पिढ्यान्‌पिढ्या एकच काम दिलं होतं: मेलेली गुरं ओढायची आणि सोलायची. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, त्याच दिवशी सोलायची सुरी विहिरीत टाकली आणि घरात सांगितलं, आजपासून मेल्या जनावराला आपला हात लागणार नाही. आत्या तेव्हा दहा वर्षांची होती. आजोबांचं बोलणं बाकीच्या भावंडांनी ऐकलं, आत्याने ते अंगात मुरवून घेतलं. लग्न होऊन ती हैदराबादला आली, नवरा रेल्वेत होता तो लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. माझी आई मी तीन वर्षांची असताना वारली, तेव्हा वडिलांनी मला तिच्या पदरात टाकलं.

मी गीता. माझी शाळा तेलुगूत झाली, गल्लीतली भांडणं दखनीत झाली, आणि मराठी मी आत्याच्या तोंडून जेवढी ऐकली तेवढीच शिकले. लिहायला-वाचायला मी पुढे शिकले, तिशी उलटल्यावर, ईर्ष्येनं.

आत्या नल्लकुंट्याला भगवंतरावांच्या शिलाईखान्यात अस्तरं लावायची. भगवंतराव हैदराबादचे जुने मराठी, चार पिढ्यांपासूनचे. मराठी बोलायचे, पण मध्येमध्ये 'हौ' आणि 'नक्को' यायचंच. त्यांच्याकडे शाळांचे ब्लेझर आणि गार्डांचे कोट शिवले जायचे. आत्याने लावलेलं अस्तर कोट फाटला तरी सुटत नसे, असं भगवंतराव गिऱ्हाइकांना सांगायचे. तिला मात्र वीस वर्षांत कधी तोंडावर बोलले नाहीत. असो. मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण त्यांच्याबद्दल चांगलं आठवायला मला फार वेळ लागतो.

मग त्र्याण्णव साल आलं. रस्तोरस्ती तयार कपड्यांची दुकानं झाली आणि ब्लेझरचं काम आटलं. भगवंतरावांनी ऑफिसात फॅक्सचं मशीन आणलं, त्यावर क्रोशाचं झाकण घातलं, आणि दर वाक्याला 'एक्स्पोर्ट' म्हणायला लागले. सरकारने म्हणे दारं उघडली होती. त्या दारातून कुठल्याशा थंड देशाचा एक व्यापारी आला आणि साठ कोटांची ऑर्डर देऊन गेला. कोट लोकरीचे, कॉलरी खऱ्या जनावराच्या लवेच्या.

ते जनावर आमच्या गोदावरीतच मिळायचं. पाण्यात पोहणारं, मासे खाणारं, मांजराहून मोठं, तपकिरी. भगवंतराव त्याला पाणमांजर म्हणायचे. माल आणणारा प्रकाश धर्माबादकडचा. तो तेलुगू दलालांत वावरलेला, म्हणून तो 'नीरुकुक्का' म्हणायचा, म्हणजे पाणकुत्रं. या जनावराला मारणं कायद्याने गुन्हा होता, ते सगळ्यांना माहीत होतं. गोणीत वरच्या थराला सुके मासे पसरून प्रकाश आगगाडीने काचीगुड्याला उतरायचा आणि रिक्षाने नल्लकुंट्याला यायचा.

पहिली गोणी सुटली तेव्हा भगवंतराव आत्याला सगळ्यांसमोर म्हणाले, "मनकर्णाबाई, हे काम तुमच्याच हातचं. तुम लोगां का तो पुश्तैनी हुनर है."

पिढीजात कसब! आत्याने सुई अस्तरात टोचून ठेवली, हात धुतले आणि घरी निघून आली. दोन दिवस गेली नाही. त्या दोन दिवसांत ती जेवली किती आणि ओकली किती याचा हिशेब मांडला तर ओकणंच जास्त निघेल. मला राग भगवंतरावांचा यायला हवा होता. मला आत्याचा आला. कारण भगवंतरावांनी मला ऑफिसात फॅक्सवर बसवायचं कबूल केलं होतं, पंख्याखालची खुर्ची दिली होती, आणि ती खुर्ची मला सोडायची नव्हती. मी तेवीस वर्षांची होते आणि अक्कल गुडघ्यात होती.

मीच तिला समजावलं. म्हटलं, "आत्या, ते चामडं नाही गं. फर आहे फर. शाली विकायच्या दुकानात असतं ना, तसलं. चांगल्या घरच्या बायका गळ्यात घालतात."

"फर," आत्या म्हणाली. तिने तो शब्द दोनदा तोंडात फिरवून पाहिला.

तिसऱ्या दिवशी ती कामावर गेली. तिने एकच अट घातली: तिच्यासमोर त्या जनावराचं नाव कोणी घ्यायचं नाही. "मी नाव घेतलं की ते जनावर होतंय," ती मला म्हणाली. "आमच्या गावाकडं त्याला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, पण मी तोंडातून काढणार नाही. तूही विचारू नकोस." मी विचारलं नाही.

प्रकाशला गप्प बसवत नसे. सुपारी चघळत तो सगळं रंगवून सांगायचा. नदीकाठच्या बिळाचं एक तोंड दगडाने बंद करायचं, दुसऱ्या तोंडाशी ओल्या पालापाचोळ्याचा धूर करायचा. आत घुसमटली की ती शीळ घातल्यासारखी ओरडतात. मग एकेक बाहेर येतं, आलं की डोक्यात दांडका. आई आधी येते, तोंडात पिल्लू धरून. "गरम हाय तवर सोलायचं," तो म्हणायचा. "पायमोजा काढल्यागत निघतंय. थंड झालं की चिकटतंय." पिल्लांच्या कातड्यांतून कॉलरीचे कोपरे निघायचे. आत्या मान खाली घालून टाके घालत राहायची. तिच्या कानशिलावरची शीर उडताना मला पंख्याखालून दिसायची, आणि तरी मी उठले नाही.

महिनाभरात माल बिघडायला लागला. बिघडायला हे भगवंतरावांचं म्हणणं. तुरटी-मीठ लावून, वाळवून, कमावून आलेली कातडी सकाळी ओली मिळायची. पाणी नव्हे, घामासारखं चिकट काहीतरी. वास माशाचा, रक्ताचा आणि आंबलेल्या दुधाचा, तिन्हींचा एकदम. केस सगळीकडे. चहात केस, डब्यातल्या भातात केस, जिभेवर आलेला केस ओढावा तर तो घशातून लांबच लांब निघत यायचा आणि मागोमाग उमासा. एकदा आत्याने एक कातडं उलटं करून मला दाखवलं. मागच्या कोरड्या बाजूवर गुलाबी मांस धरलं होतं, बोटभर, आणि ते धडधडत होतं. मी खिडकीतून बाहेर ओकले. भगवंतरावांनी ब्लेडने ते खरवडून काढलं आणि म्हणाले, "हवामान खराब आहे. पंखा वाढवा."

मग प्रकाशचं झालं. दुपारची वेळ, सगळे जेवायला गेलेले. तो नव्या गोणीवर डोकं टेकून मागच्या अंगणात झोपला होता. आम्ही परत आलो तेव्हा अंगणातल्या फरशीवर त्याचं कातडं होतं. फाटलेलं नाही, कापलेलं नाही. पायाच्या बोटांपासून डोक्यावरून उलटं ओढून काढलेलं, नखांसकट, मीठ चोळून व्यवस्थित चौघडी घातलेलं. शेजारी प्रकाश होता, म्हणजे उरलेला. लाल, ओला, चकचकीत. पापण्या नसल्याने डोळे मिटत नव्हते आणि त्यांवर माश्या बसल्या होत्या. छाती अजून खालीवर होत होती. ती थांबायला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ तो दातांतून बारीक शीळ घालत होता.

पोलिसांनी भटक्या कुत्र्यांवर ढकललं. कुत्री मीठ चोळतात का, घड्या घालतात का, हे कोणी विचारलं नाही. भगवंतरावांनी अंगण फिनेलने धुवून घेतलं. चाळीस कोट तयार होते, वीस बाकी होते, जहाजाची तारीख ठरली होती.

मी त्या दिवशी आत्याला म्हटलं, "बास. उद्यापासून कोणी जायचं नाही." तेव्हा तिने पदराखाली लपवलेले हात बाहेर काढले.

तिच्या नखांखालून केस उगवले होते. तपकिरी, मऊ, दाट. ती रोज चिमट्याने उपटायची, रोज दुप्पट यायचे. बोटांच्या मधल्या बेचक्यांत पातळ कातडी धरली होती, बदकाच्या पायाला असते तशी. ती कातडी तिने विळीवर कापली होती, तीनदा. वजरीने घासघासून मनगटापर्यंत सालं काढली होती, आणि त्या सोललेल्या लाल मांसातून सुद्धा लव वर येत होती. डॉक्टरने ॲलर्जी म्हणून मलम दिलं होतं. माझ्या आत्याचे हात! आणि मला त्यांची किळस आली. खोटं का सांगू, मी एक पाऊल मागे सरकले, आणि तिने ते पाहिलं.

"वर चढतंय," ती म्हणाली. "काल मनगटाच्या खाली होतं."

त्या घडीपासून मला जगात एकच गोष्ट हवी होती. आत्या वाचली पाहिजे. खुर्ची गेली खड्ड्यात, भगवंतराव गेले खड्ड्यात.

पुढे दोन दिवसांनी मी राहिलेला पगार मागायला शिलाईखान्यात गेले होते, तेव्हा सत्यवती आली. प्रकाशची आई. पोलिसांनी प्रेत तिच्या ताब्यात दिलं होतं, त्याचे कपडे आणि पिशवी न्यायला ती शिलाईखान्याच्या फाटकाशी आली. भोयाची म्हातारी, जन्म नदीत गेलेला, हातापायाला भेगा. भगवंतरावांनी खिडकीतून पाहिलं आणि मला म्हणाले, "तू जा. तुला मराठी चांगली येते. मेरे से नक्को."

मी पिशवी दिली. ती रडत नव्हती. फाटकाच्या आत पाय टाकायला मात्र तयार नव्हती, पदर नाकाला लावून उभी होती.

"म्या सांगतलं होतं त्याला," ती म्हणाली. "लेकरंवाल्या बिळाला धूर नगं देऊ म्हून. ऐकलं न्हाई. मव्हा सासरा बी असाच." मग तिने माझा हात पकडला. "पोरी, तू ऐक. सगळा ऊद जाळा. कणभर बी मागं ठेवू नगा. जाळा आन राख गोदेला आणून सोडा. मंग सुटाल."

"ऊद?" मी विचारलं.

"व्हय, ऊद. आन उघड्यावर जाळा. बंद घरात नगं."

तिची गाडी होती. ती गेली.

आता हैदराबादेत ऊद म्हणजे काय हे कोणाला विचारायला लागतं का? दर जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, ऊददाणी घेऊन फकीर दुकानोदुकानी फिरतो, निखाऱ्यावर ऊदाची चिमूट टाकतो, मोरपिसांच्या पंख्याने धूर दुकानभर सारतो, आणि नजर, बला सगळी बाहेर जाते. आमच्या शिलाईखान्यातही तो यायचा. मला वाटलं, ही म्हातारी तेच सांगतेय, फक्त जास्त घाला म्हणतेय. उघड्यावर जाळायचं तेवढं मला पटलं नाही. उघड्यावर ऊद जाळला तर धूर राहणार कसा? म्हटलं, पोराच्या दुःखात म्हातारी चुकीचं बोलून गेली. मी ते मनातल्या मनात सुधारून घेतलं.

घरी येऊन मी आत्याला सांगितलं, "प्रकाशची आई म्हणाली, ऊद घालायचा. शिलाईखान्यात, सगळीकडे. मग सुटेल."

जाळायचा नाही, घालायचा. एवढाच माझ्या तोंडून बदल झाला.

आत्या जरा घुटमळली. "धूर?" ती म्हणाली. "धूर बरा नाही त्यांना." मग म्हणाली, "पण ती नदीवरची बाई. तिला माहीत असणार."

भगवंतरावांना हा उपाय फार आवडला, कारण त्यात माल वाचत होता. जुमेरातीला दुपारी त्यांनी कारागिरांना सुट्टी दिली. मी बाजारातून चार किलो ऊद आणला. इस्त्रीसाठी कोळशाची मोठी शेगडी होती, शिवाय चार घमेल्यांत निखारे केले. हॉलमध्ये तारांवर चाळीसेक कोट टांगलेले, कॉलरींसकट. न लावलेली कातडी टेबलावर ढिगात. भगवंतरावांनी स्वतः खिडक्या लावून घेतल्या, धूर मुरावा म्हणून. खिडकीची एक फळी तेवढी मोडकी होती. आत आम्ही तिघंच होतो: ते, आत्या, मी.

धूर दाटला. वास खरं तर चांगला होता, देवळातल्यासारखा, आणि मला पहिल्यांदा बरं वाटलं. मग शीळ ऐकू आली. बारीक, एकच. मग दुसरी. मग सगळ्या तारांवरून, टेबलावरून, साठ-सत्तर गळ्यांतून ती बारीक घुसमटलेली शीळ, आणि मला प्रकाशचं बोलणं आठवलं. बिळाचं एक तोंड बंद करायचं. दुसऱ्या तोंडाशी धूर.

आम्ही त्यांचा शेवटचा दिवस त्यांना परत दाखवला होता.

कॉलरी कोटांपासून उसवल्या गेल्या. आत्याचे टाके, जे कोट फाटला तरी सुटत नसत, ते तडातडा सुटले. त्या खाली पडल्या आणि सरपटल्या. पाय नव्हते, डोकी नव्हती, नुसती ओली सपाट कातडी, पण त्यांच्या कडांना बारीक दात फुटले होते, टाके घातलेल्या भोकाभोकांतून. भगवंतराव दाराकडे धावले. एक कातडं त्यांच्या टाचेला चिकटलं आणि ते पडले. मग त्यांच्यावर इतकी चढली की माणूस दिसेना. पिल्लांची कातडी तोंडात घुसली, एकामागून एक, गळा फुगत गेला. दोन मोठ्या कातड्यांनी कपाळावर केसांच्या रेषेत दात रुतवले आणि खाली ओढलं. त्यांचा चेहरा सैल झाला, कपाळापासून सुटत सुटत हनुवटीवर येऊन लोंबला, भुवया, नाक, मिश्या सगळं तसंच ठेवून. आतलं लाल तोंड काहीतरी म्हणत होतं. मग पायांकडून ओढणं सुरू झालं. ओल्या कापडासारखा आवाज येत होता. माझ्या पोटरीचा एक तुकडा त्यांनी नेला, ती खाच अजून आहे.

आत्याला मात्र एकही डसलं नाही. ती कातडी तिच्याभोवती फिरत होती, तिच्या हातांना हुंगत होती.

"गीता," आत्या ओरडली, "ती बाई काय म्हणाली? तिचे शब्द सांग! जसेच्या तसे!"

मी भिंतीला चिकटून किंचाळले, "सगळा ऊद जाळा! कणभर बी मागं ठेवू नगा! उघड्यावर जाळा!"

आत्या माझ्याकडे नुसती पाहत राहिली. तिच्या तोंडावर राग नव्हता, तेच मला आजही सहन होत नाही.

"अगं येडे," ती म्हणाली, "ऊद म्हणजे हेच. गोदेतलं हे जनावर. आमच्याकडं ह्यालाच ऊद म्हणतात."

आयुष्यात पहिल्यांदा तिने माझ्यासमोर त्याचं नाव घेतलं.

मग ती भराभर कामाला लागली, अस्तर लावायला बसायची तशी, एक हालचाल वाया न घालवता. चहाच्या स्टोव्हचा रॉकेलचा डबा तिने उचलला. माझ्या दंडाला धरून मला दाराबाहेर ढकललं. मी तिचा पदर पकडला, म्हटलं, तूही चल, बाहेरून पेटवू. ती म्हणाली, "बाहेर आली तर रस्ताभर होतील. माझ्याजवळ थांबतात ती." आणि हात वर करून दाखवले. लव कोपरापर्यंत चढली होती. "कणभर ठेवायचं नाही म्हणालीय ना ती? मग हे काय मागं ठेवू?"

तिने आतून कडी घातली.

मी मोडक्या फळीच्या फटीतून पाहिलं. नको होतं पाहायला, पण पाहिलं. आत्या शेगडीजवळ मांडी घालून बसली आणि तिने हात पुढे केले. भगवंतरावांना सोडून ती सगळी तिच्याकडे आली. मांडीवर, छातीवर, खांद्यावर गोळा झाली. पिल्लांची कातडी तिच्या काखेत शिरली. ती त्यांच्याशी काहीतरी बोलत होती, मला ऐकू आलं नाही. जिने मेल्या जनावराला हात लावायचा नाही म्हणून जन्म काढला, ती त्यांना दोन्ही हातांनी कुरवाळत होती. मग तिने डबा स्वतःवर आणि त्यांच्यावर उपडा केला, आणि सगळ्यात आधी आपले हात निखाऱ्यांत घातले.

जळत्या केसांचा वास मला अजून न्हाव्याच्या दुकानावरून जाताना येतो आणि मी रस्ता बदलते. आत शीळ बराच वेळ चालली होती. आत्याचा आवाज एकदाच आला.

बंब आला तोवर छप्पर खाली आलं होतं. भगवंतराव ओळखू आले ते अंगठीवरून, आणि अंगठी बोटात नव्हती, कातड्यात होती. आत्या ओळखूच आली नाही. मी राख गोळा केली, दोन पोती भरली. आमच्यात राख नदीत सोडायची पद्धत नाही, आत्याला ते पटलं नसतं. पण त्या राखेत आत्या किती आणि ऊद किती हे कोण निवडून देणार होतं? मी पोती घेऊन गाडीने धर्माबादला उतरले आणि सत्यवतीचं घर विचारत गोदावरीवर गेले.

तिने होडी काढली. मधल्या धारेत दोन्ही पोती रिकामी केली. काठावर आल्यावर मी तिला सगळं सांगितलं. ऊद मला काय वाटला ते, खिडक्या लावल्या ते, आत्याचे हात.

ती ऐकता ऐकता खाली बसली.

"हाताला केस आलते नुसते?" तिने विचारलं.

"कोपरापर्यंत. म्हणून तिने स्वतःलाही..."

"अगं बाई," ती म्हणाली. "ते झडले असते. मव्ह्या सासऱ्याला छातीपत्तूर आलते. ऊद जाळला उघड्यावर, चार दिसांत समदे झडून गेले. म्हातारा पुढं वीस वरसं जगला."

मी रिकाम्या पोत्यांची घडी घालायला लागले.

"म्या मराठीतच बोलले की तुझ्यासंगं," ती म्हणाली. "कळलं नव्हतं तर पुन्हा इचारायचं व्हतंस. काहून इचारलं न्हाईस?"

"मला वाटलं," मी म्हटलं, "मला कळलंय."